उडी नसलेला उड्यांचा गेम : व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही

उलटापालट (धागाकर्ता)

परवा रात्री हा गेम चौथ्यांदा पूर्ण केला आणि शेवटची स्क्रीन बघत बराच वेळ बसून राहिलो. किती वेळ लागला, किती वेळा उलटलात, किती वेळा मेलात आणि सगळ्यात जास्त कुठल्या खोलीत मेलात, हे ती स्क्रीन सांगते. माझे या वेळचे मृत्यू ३८६. पहिल्या वेळी हजाराच्या वर होते. इथे या गेमबद्दल सविस्तर लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून धागा काढतोय.

नावात इंग्रजी व्ही हे अक्षर सहा वेळा आहे, यापुढे मी "सहा व्ही" एवढंच लिहीन. आयर्लंडच्या टेरी कॅव्हनाने जानेवारी २०१० मध्ये हा गेम बाहेर आणला. यान बंद पडतं, कॅप्टन विरिडियनचे पाच सहकारी वेगवेगळ्या ठिकाणी फेकले जातात, त्यांना शोधून परत आणायचं. कथा इतकीच. सगळ्यांची नावं व्हीने सुरू होतात: विरिडियन, व्हायोलेट, व्हिटेलरी, व्हर्मिलियन, व्हर्डिग्रिस, व्हिक्टोरिया. म्हणून सहा व्ही. शिवाय जमिनीवरच्या काट्यांची रांगही अगदी तशीच दिसते, छतावरून बघितली तर.

आता मूळ मुद्दा. या जातीच्या प्रत्येक गेममध्ये उडी असते. प्लॅटफॉर्म गेम म्हणजेच उडीचा गेम. कॅव्हनाने ती उडीच काढून टाकली. डावीकडे, उजवीकडे आणि तिसरं बटण गुरुत्वाकर्षण उलटवायचं. दाबलं की कॅप्टन छताकडे पडतो आणि तिथे पाय टेकून उभा राहतो. पुन्हा दाबलं की खाली. आणि एक अट, जिच्यावर सगळा गेम उभा आहे: हवेत असताना उलटता येत नाही. पाय कशाला तरी टेकलेले असले पाहिजेत.

उडीत सौदेबाजीला जागा असते. बटण जरा जास्त दाबून ठेवलं की उंच, पटकन सोडलं की बुटकी, दुहेरी उडी असेल तर वरून आणखी एक संधी. इथे बटण दाबलं म्हणजे शब्द दिला. पलीकडच्या पृष्ठभागाला टेकेपर्यंत फक्त डावं-उजवं हातात राहतं. त्यामुळे खरा खेळ बटण दाबायच्या आधी होतो. काठावर उभं राहून वर बघायचं, काटे मोजायचे, फिरणारा शत्रू कुठे आहे ते बघायचं, आणि मग जायचं.

आणि उडी नसल्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. पायाच्या घोट्याएवढा ठोकळा समोर आला तरी ती भिंत होते. हे ज्या खोलीत पहिल्यांदा नीट कळतं तिचं नाव "डुइंग थिंग्ज द हार्ड वे". गेममध्ये चमकती पदकं आहेत, एकूण २०. त्यातलं एक या खोलीत अगदी समोर ठेवलंय, तुमच्यात आणि त्याच्यात फक्त एक ठेंगणा ठोकळा. इतर कुठल्याही गेममध्ये पाव सेकंदात ओलांडला असता. इथे डोक्यावर छत नाही, वर उघडा बोळ आहे. म्हणजे उलटायचं, वर पडत जायचं, दोन्ही बाजूंना काटे, एकामागून एक सहा स्क्रीन, आणि मग तेच काटे चुकवत तेवढंच खाली, ठोकळ्याच्या पलीकडच्या बाजूला. खोल्यांची नावं वेनी, विडी, विची वगैरे. कुठेही चुकलात तर पुन्हा ठोकळ्याच्या अलीकडे.

मी तिथे पहिल्या वेळी दीडशेच्या आसपास मेलो असेन. एकदाही गेमवर राग आला नाही. का नाही आला, हेच मला समजून घ्यायचंय. तुमचे अनुभव लिहा.

---

जुनीकॅसेट

धागा वाचून फार बरं वाटलं उलटापालट. मी कॅसेटवरून गेम लोड होताना तो कर्कश आवाज ऐकत बसलेल्या पिढीतला. सहा व्हीचं मूळ कुठे आहे ते सांगतो, कारण ते कळलं की चेकपॉइंटचं, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं त्या जागेचं, मोल कळतं.

१९८३ मध्ये मॅथ्यू स्मिथचा मॅनिक मायनर आला, १९८४ मध्ये त्याचाच जेट सेट विली, दोन्ही झेडएक्स स्पेक्ट्रम या तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरवर. विलीत साठ खोल्या, प्रत्येक खोली म्हणजे एक स्क्रीन, आणि प्रत्येकीला नाव. स्क्रीनच्या तळाशी ते नाव दिसायचं. सहा व्हीमध्ये हुबेहूब तसंच आहे आणि ते मुद्दाम केलेलं आहे. नावं मात्र कॅव्हनाने स्वतः दिली नाहीत, ते काम बेनेट फॉडीने केलं. तोच ज्याने २००८ मध्ये धावपटूच्या मांड्या आणि पोटऱ्या वेगवेगळ्या बटणांनी हलवायला लावणारा क्वॉप बनवला.

पण विलीत जीव मोजके होते. आणि मेल्यावर खोलीत जिथून शिरलात तिथेच परत उभं केलं जायचं. आता समजा वरच्या खोलीतून पडत पडत खाली आलात आणि पडूनच मेलात, तर गेम तुम्हाला त्याच पडण्याच्या जागी पुन्हा जिवंत करायचा. पुन्हा पडलात, पुन्हा मेलात. बघता बघता सगळे जीव संपले, हात कंट्रोलवर असून काही करता यायचं नाही. त्यावर कडी म्हणजे माळ्यावरच्या खोलीतली चूक. "द ॲटिक"मध्ये गेलात की दुसऱ्याच काही खोल्या बिघडायच्या आणि गेम पूर्ण करणं अशक्य होऊन बसायचं. आम्हाला वाटायचं आपणच कमी पडतोय.

सहा व्हीने ते जुनं रूप ठेवलं आणि ती क्रूरता टाकून दिली. जीव अमर्याद, जवळपास प्रत्येक खोलीत चेकपॉइंट, मेलात की डोळ्याची पापणी लवायच्या आत परत उभे. राग येत नाही याचं माझं उत्तर हे.

---

रानवारा

थोडा विरोधी सूर लावतो.

गेम मी खेळलोय, आवडलाही. पण "जुन्या पद्धतीचं रूप" या नावाखाली काय काय खपवलं जातं ते बघून आता कंटाळा येतो. चार चौकोन हलवले, बीप बीप संगीत लावलं की झाला इंडी गेम, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय एक-दोघांनी बनवलेला गेम. सहा व्हीनंतर असे किती आले! मोठे पिक्सेल म्हणजे साधेपणा नव्हे, बऱ्याचदा चित्रं काढायचा कंटाळा असतो.

दुसरं म्हणजे कॅप्टन थांबताना किंचित घसरतो. अरुंद फळीवर उतरायचं असतं तिथे हे जाचतं. आणि टॉवरमध्ये स्क्रीन आपोआप वर सरकत राहते, वर-खाली दोन्ही कडांना काटे. तिथे विचार करायला वेळच मिळत नाही. मग "खरा खेळ बटण दाबायच्या आधी होतो" हे तुमचं म्हणणं तिथे लागू होतं का?

---

काटेसावर

मी आत्ता खेळतेय, पहिल्यांदाच, त्यामुळे पुढचं फार सांगू नका प्लीज. १३ पदकं झालीत. उलटापालट दादा, तुम्ही लिहिलेल्या त्या ठोकळ्यापाशीच दोन दिवस अडकलेय.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कॅप्टनचा चेहरा. दोन डोळे आणि एक हसू, बाकी काही नाही. मेला की लाल होतो आणि हसू उलटं होतं. एवढ्याशा पिक्सेलमध्ये तेवढाच एक बदल, आणि प्रत्येक वेळी मला त्याचं वाईट वाटतं.

नावांबद्दल एक राहिलं. ती नुसती व्हीची नावं नाहीत, रंगांची आहेत! व्हर्मिलियन म्हणजे हिंगुळाचा लाल, तो सहकारी लालच आहे. व्हर्डिग्रिस म्हणजे तांब्या-पितळेवर चढतो तो हिरवा कळंक. व्हिटेलरीचं मूळ लॅटिनमधल्या अंड्याच्या बलकात, म्हणून पिवळा. व्हायोलेट जांभळट गुलाबी, व्हिक्टोरिया निळी. एवढ्या लहान आकृत्यांमध्ये कोण कोण आहे ते फक्त रंगावरून ओळखायचं, आणि नावातच रंग सांगून ठेवलाय. मला हे कळलं तेव्हा उठून उभीच राहिले.

---

उलटापालट

काटेसावर, कळंक! किती वर्षं खेळतोय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद.

रानवारा, तुमच्या दोन मुद्द्यांपैकी घसरण्याचा मान्य. मलाही सुरुवातीला त्रास झाला, सवय झाली तरी तो दोष आहेच.

टॉवरबद्दल मात्र वेगळं वाटतं. तिथे विचार करायचा वेळ कमी होतो हे खरं, पण तोपर्यंत उलटण्याची लांबी हातात बसलेली असते. एका छतापासून दुसऱ्या जमिनीपर्यंत पडायला किती वेळ लागतो ते बोटांना ठाऊक झालेलं असतं. टॉवर तेच तपासतो.

आणि साधेपणाबद्दल. मोठे पिक्सेल म्हणजे साधेपणा नव्हे, हे तुमचं वाक्य मला पूर्ण पटतं. या गेममधला साधेपणा चित्रांत नाही, नियमांत आहे. कॅव्हना नवी शक्ती एकही देत नाही. पहिल्या मिनिटाला जे तीन बटणांनी करता येतं तेच शेवटच्या मिनिटाला. बदलतं ते भोवतालचं जग. प्रयोगशाळेत अशा रेषा येतात की त्यांना स्पर्श झाला की गुरुत्व आपोआप उलटतं, म्हणजे तुमच्या एकमेव बटणाचं काम भिंत करायला लागते. वॉर्प झोनमध्ये स्क्रीनच्या एका कडेतून बाहेर पडलात की समोरच्या कडेतून आत येता, म्हणजे छत ही कल्पनाच नाहीशी होते. एके ठिकाणी एका सहकाऱ्याला सोबत न्यायचं असतं. तुम्ही जमिनीवर असलात की तो तुमच्याकडे चालत येतो, छतावर गेलात की थांबतो. म्हणजे स्वतःचा जीव वाचवायला छतावर जाणं आणि त्याला थांबवायला छतावर जाणं, एकच बटण दोन कामं करतं. इतक्या वेळा खेळून तो भाग अजून मला थक्क करतो. नवीन काही शिकवलं नाही, तरी सगळं नवीन.

चित्रांचं रूप बदलून चकचकीत केलं असतं तर उलट नुकसान झालं असतं. काटा कुठे संपतो आणि मोकळी जागा कुठे सुरू होते, हे एका नजरेत कळलं पाहिजे. काळ्या पार्श्वभूमीवर एका रंगाची रेघ आहे म्हणून ते कळतं.

---

तिसरीकळ

मी गेम बनवायचा उद्योग करतो, सुट्टीच्या दिवशी, एकटाच. मला या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहायचंय.

जानेवारी २०२० मध्ये, गेमला दहा वर्षं झाली तेव्हा, कॅव्हनाने सगळा सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅम, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खुला केला. मी त्या आठवड्यात तो उतरवून बसलो होतो. आत गेमचा पूर्ण प्रवाह सांभाळणारं एक अवाढव्य स्विच स्टेटमेंट आहे, म्हणजे "हा क्रमांक आला तर हे कर" अशी यादी. हजारो ओळी. प्रत्येक प्रसंगाला एक क्रमांक: अमुक क्रमांक म्हणजे हा संवाद, तमुक म्हणजे तो दरवाजा. क्रमांक चार हजारांच्या पुढे जातात, मधले कितीतरी रिकामे. कॉलेजात असं लिहिलं असतं तर वही परत मिळाली असती. खुद्द कॅव्हनानेही हे लपवलं नाही.

मला ते वाचून फार धीर आला. तोपर्यंत मी दोन वर्षं माझ्या गेमची "रचना" करत होतो. दुहेरी उडी होती, भिंतीला चिकटणं होतं, हवेत झेप होती, आणि हे सगळं सुबकपणे जोडणारं इंजिन होतं. खोल्या होत्या तीन. सहा व्हीचा कोड बंद केला आणि त्याच रात्री झेप आणि चिकटणं काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तीन खोल्यांपैकी दोन निरर्थक ठरल्या, कारण त्या फक्त त्या शक्ती दाखवायला बनवलेल्या होत्या. तिसरी मात्र अचानक अवघड आणि चांगली झाली. पुढच्या तीन महिन्यांत २२ खोल्या झाल्या.

रानवारा, "कंटाळा" म्हणालात त्यावर एवढंच सांगतो की एका माणसाच्या कामात चित्रं साधी ठेवली तर खोली मोडून पुन्हा बांधणं स्वस्त पडतं. सहा व्हीची स्क्रीन ३२० बाय २४० पिक्सेलची, ठोकळा ८ बाय ८ चा. म्हणजे खोली आडवी ४० ठोकळे, उभी ३०. वहीच्या चौकटीच्या पानावर काढता येते! मी खरोखर तशाच काढतो. काटा एक घर डावीकडे सरकवला तर काय होईल हे पेन्सिलने बघता येतं. सुंदर रंगवलेली खोली मोडायला हात धजावत नाही.

मूळ गेम ॲडोबी फ्लॅश या ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या तंत्रात होता, हेही नोंदवून ठेवतो. २०११ मध्ये सायमन रॉथने तो सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत आणला आणि त्याच आवृत्तीत लेव्हल एडिटर, म्हणजे स्वतःच्या खोल्या बनवायची सोय, आली. २०२० संपताना फ्लॅशच बंद झालं. तो बदल वेळेत झाला नसता तर आज आपण हा धागा आठवणींवर लिहीत असतो.

---

रानवारा

तिसरीकळ, चौकटीच्या पानाचा मुद्दा पटला. माझा शब्द मागे घेतो, निदान या गेमपुरता. टॉवरबद्दल अजून तसंच वाटतं.

---

नीरव

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहावंसं वाटलं.

माझ्या उजव्या मनगटाचा स्नायुबंध दुखावलेला आहे, पटापट बटण दाबणं जमत नाही. असे गेम मी सोडूनच दिले होते. सहा व्हीमध्ये पर्यायांत गेलो तर वेग कमी करायची सोय दिसली: ८०, ६० आणि ४० टक्के. शिवाय मरणच येणार नाही असाही पर्याय आहे. मी ६० टक्के वेगाने पूर्ण गेम खेळलो, मरण चालू ठेवून. ५०० च्या वर मेलो.

एका ओळखीच्या गेमरला सांगितलं तर तो म्हणाला, मग तू खेळलासच नाहीस. तेव्हापासून कुठे बोललो नाही. वरचं "खरा खेळ बटण दाबायच्या आधी होतो" वाचलं आणि वाटलं, तो भाग तर मी पूर्ण वेगानेच खेळलोय.

---

काटेसावर

नीरव दादा, खेळलात. अगदी पूर्ण खेळलात.

---

जुनीकॅसेट

नीरव, त्या ओळखीच्या माणसाचं मनावर घेऊ नका. कॅव्हनाने ती सोय स्वतःच्या हाताने मेनूत ठेवली आहे.

आणि ६० टक्के वेगात खोलीची रचना जास्त नीट दिसते, हे मी स्वतः करून पाहिलंय. माझी नजरही आता पूर्वीसारखी राहिली नाही. तुमचं वाचून मीही उघडपणे सांगतो.

---

उलटापालट

नीरव, तुम्ही लिहिलंत म्हणून या धाग्याचं चीज झालं.

संगीताबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही, ते मी लिहितो. मॅग्नस पॉल्सनचं आहे, अल्बमचं नाव पीपीपीपीपीपी, आणि प्रत्येक तुकड्याचं नाव पीने सुरू होतं. "पुशिंग ऑनवर्ड्स" आणि "पॉझिटिव्ह फोर्स" हे दोन मी काम करतानाही लावतो. पण गेममध्ये त्याचं खरं काम वेगळं आहे. तुम्ही मेलात तरी धून तुटत नाही. कितीतरी गेममध्ये मेलं की संगीत थांबतं, दुःखाचे दोन सूर वाजतात, मग सगळं पहिल्यापासून. तिथे गेम तुम्हाला दर वेळी सांगतो की तुम्ही हरलात. इथे ठेका चालूच असतो, तुम्ही फक्त पुन्हा त्यात पाऊल टाकता. दीडशे वेळा मरूनही ते दीडशे वेगळे प्रयत्न वाटत नाहीत, एकच लांबलचक प्रयत्न वाटतो. मी पहिल्या पोस्टमध्ये जे विचारलं होतं त्याचं अर्धं उत्तर मला इथे सापडलं. उरलेलं अर्धं जुनीकॅसेट यांनी वर दिलंय.

---

काटेसावर

ते सगळं ठीक, पण ठोकळा! कोणीतरी युक्ती सांगा. वर जाते, चौथ्या-पाचव्या स्क्रीनपर्यंत पोचते, आणि घाईत बटण जास्त दाबलं जातं की भिंतीच्या काट्यावर.

---

तिसरीकळ

ताई, दाबून धरू नका, टिचक्या मारा. आणि वर जाताना पुढच्या स्क्रीनची मोकळी जागा लक्षात ठेवायच्या ऐवजी आधीच्या स्क्रीनमधून बाहेर पडताना तुम्ही किती डावीकडे किंवा उजवीकडे होतात ते लक्षात ठेवा. प्रत्येक स्क्रीन तिथूनच सुरू होते. डोळे कॅप्टनवर नकोत, त्याच्या पुढे हवेत.

खाली येताना सगळे घाबरतात, कारण पदक जवळ आलेलं असतं. शेवटच्या खोलीत शिरलात की ठोकळ्याच्या कुठल्या बाजूला उतरायचंय ते आधीच ठरवून ठेवा. मी दोनदा खालपर्यंत सुखरूप आलो आणि अलीकडच्याच बाजूला उतरलो.

---

नीरव

आणि वीस-पंचवीस प्रयत्नांनंतर हात सोडून पाच मिनिटं बसा. खरंच फरक पडतो.

---

काटेसावर

मिळालं!!

पहाटे पावणेदोनला. टिचक्यांचं बरोबर होतं. वर जाताना डोळे पुढे ठेवले तर काटे हळू आल्यासारखे वाटले, वेग तोच असून. टोकाला पोचले तेव्हा उलटायचं बटण दाबायलाच क्षणभर विसरले. खाली येताना वेनीच्या खोलीत कडेच्या काट्याला घासूनच गेले असेन, श्वास अडकला होता. पलीकडे उतरले, पदकाला हात लागला, आणि मागे वळून बघितलं तर तो ठोकळा माझ्या कॅप्टनच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा येत नव्हता.

आता १४. सहा राहिली. आणि एक विचारायचंय, लेव्हल एडिटर उघडून बघितला, चौकटीचं पानही काढलंय. पहिली खोली बनवताना आधी काटे मांडायचे की आधी वाट?

---

तिसरीकळ

आधी वाट. काट्याशिवाय खोली पाच-सहा वेळा खेळून बघा. बोट जिथे आपोआप उलटायला जातं तिथे खूण करा, पहिला काटा त्या खुणेच्या शेजारच्या घरात. झाली की इथे टाका, आम्ही सगळे खेळून बघू.